एका तबकडीचे एक लाख पौंड

२०२० साली इंग्लंडमध्ये एक सात इंची रेकॉर्ड एक लाख पौंडांना विकली गेली. आपल्या पैशांत तेव्हाचे नव्वद लाखांच्या वर. एवढ्यात पुण्यात बऱ्यापैकी वस्तीत टू बीएचके आला असता, पार्किंगसकट. त्या तबकडीवर दोन गाणी आहेत, एका बाजूला एक. गायक बीटल्सपैकी नाही, एल्विस नाही. त्याचं नाव फ्रँक विल्सन. नाही ना ऐकलंत? मीही नव्हतं ऐकलं. आणि गंमत म्हणजे हे गाणं कुठेही लपलेलं नाही. आत्ता ह्या क्षणी तुम्ही मोबाईलवर शोधलंत तर फुकटात ऐकायला मिळेल, तेही त्या तबकडीपेक्षा स्वच्छ आवाजात.

मग एक लाख पौंड कशाचे?

माझा ह्या भानगडीशी संबंध आला तो २००६ च्या हिवाळ्यात. मँचेस्टरला ऑनसाइट होतो. ऑनसाइट जाऊन आलेल्यांना तो वीकएंड सांगायला नको. सकाळी लाँड्री, दुपारी देसी दुकानातून पोहे आणि तूरडाळ, चार वाजता अंधार, मग घरी फोन. क्लायंटकडे पन्नाशीचा एक डीबीए होता. टक्कल, जाड चष्मा, बॅकअप आणि रिस्टोअर सोडून कशावरही न बोलणारा प्राणी. त्याच्या डेस्कवर एक कापडी बिल्ला टाचलेला होता, त्यावर वळलेली काळी मूठ. मला वाटलं युनियनवाला दिसतोय. एकदा जेवणाच्या सुट्टीत सहज विचारलं, आणि पुढचा पाऊण तास तो माणूस थांबलाच नाही! त्याच शनिवारी रात्री मी त्याच्याबरोबर एका जुनाट सोशल क्लबच्या हॉलमध्ये उभा होतो आणि समोर पन्नाशी-साठीची माणसं लाकडी फरशीवर टाल्कम पावडर भुरभुरून गिरक्या घेत होती. पावडर कशाला, तर चामडी तळाचे बूट सरकावेत म्हणून. (आपण कॅरमवर टाकतो ना, तसं.) जोडीने कोणी नाचत नव्हतं. जो तो एकटा, आपापल्या चौरसात, डोळे अर्धे मिटून. स्टेजवर दोन टर्नटेबल, एक माणूस आणि त्याच्यापुढे एक पेटी. डीबीए माझ्या कानाशी येऊन ओरडला की त्या पेटीत त्याच्या घरावरच्या कर्जापेक्षा जास्त पैसे आहेत.

ह्या प्रकाराला म्हणतात नॉर्दर्न सोल. हे 'नॉर्दर्न' म्हणजे अमेरिकेचा उत्तर भाग नव्हे, हा इंग्लंडचा उत्तर भाग. संगीत अमेरिकेतल्या काळ्या गायकांचं, त्याचे वेडे इंग्लंडच्या उत्तरेतले गिरणी-कोळशाच्या गावांतले बहुतेक गोरे तरुण, आणि हे नाव दिलं लंडनच्या म्हणजे दक्षिणेतल्या एका दुकानदाराने. गोंधळ आहे, पण सुटतो.

सुरुवात डेट्रॉइटपासून करू. बेरी गॉर्डी नावाचा माणूस, जो आधी लिंकन-मर्क्युरी गाड्यांच्या असेंब्ली लाइनवर काम करत होता, त्याने १९५९ साली घरच्यांकडून ८०० डॉलर उसने घेऊन रेकॉर्ड कंपनी काढली. तीच पुढे मोटाउन झाली. गाड्यांच्या कारखान्यात जे शिकला ते त्याने गाण्यांना लावलं. एक टीम गाणी लिहिणार, एक वाजवणार, दर आठवड्याला मीटिंग, त्या मीटिंगचं नाव चक्क क्वालिटी कंट्रोल, आणि त्यात पास झालेलं गाणंच बाजारात. सुप्रीम्स, टेम्प्टेशन्स, फोर टॉप्स ही सगळी ह्या पट्ट्यावरून उतरलेली मंडळी. ठेका ठरलेला, ढोलावर सरळ चार ठोके, डफलीचा छनछनाट, मागे व्हायोलिनं, आणि वर कोणीतरी जीव तोडून गातोय.

मोटाउनला पैसा मिळतोय म्हटल्यावर गल्लोगल्ली मोटाउन निघाल्या. डेट्रॉइटमध्येच गोल्डन वर्ल्ड आणि रिक-टिक होत्या (मोटाउनचे वादक रात्री गुपचूप तिथे जाऊन वाजवत, आजच्या भाषेत मूनलायटिंग). लॉस एंजेलिसला मिरवुड होती, वॉशिंग्टनला श्राइन. श्राइन तर गॉर्डीच्या घटस्फोटित बायकोने, रेनोमाने, तिच्या नव्या जोडीदाराबरोबर काढलेली. अशा शेकडो कंपन्या. कोणाचं ऑफिस न्हाव्याच्या दुकानावर, कोणाचं गाडीच्या डिकीत. दोनशे डॉलरमध्ये स्टुडिओ, हजारभर प्रती, त्यातल्या थोड्या रेडिओ स्टेशनांना फुकट वाटायच्या आणि देवाचं नाव घ्यायचं. रेडिओने वाजवलं तर ठीक. नाही वाजवलं, आणि बहुतेक वेळा नाहीच वाजवलं, तर गठ्ठे गोदामात. तिथे कोपरा कापून किंवा लेबलात भोक पाडून किलोच्या भावात विक्री. गायक परत आपल्या नोकरीवर.

हे मी एवढं सांगतोय कारण पुढची सगळी गोष्ट ह्या गोदामांवर उभी आहे. ही गाणी वाईट होती म्हणून पडली नाहीत. बरीच पडली कारण वितरक पैसे बुडवायचे, त्या आठवड्यात मोठ्या कंपनीचं गाणं आलं होतं, किंवा डीजेला द्यायला पाकिटात पैसे नव्हते. आपल्या धंद्यात नाही का, चांगलं प्रॉडक्ट आणि बंद पडलेली कंपनी ही जोडी रोज दिसते.

आता मँचेस्टर. १९६३ मध्ये तिथे ट्विस्टेड व्हील नावाचा क्लब निघाला आणि १९६५ मध्ये तो व्हिटवर्थ स्ट्रीटवर हलला. शनिवारी रात्रभर जागरण, दारू नाही, कॉफी आणि अमेरिकन रेकॉर्ड्स. (दारू नाही म्हणजे सगळे सोवळे होते असं नाही. ॲम्फेटामिनच्या गोळ्यांचा सुळसुळाट होता, औषधांची दुकानं फुटायची, आणि ह्या चळवळीच्या प्रत्येक क्लबच्या मागे पोलीस लागले ते त्यापायीच. जुनी मंडळी आठवणी सांगताना हा भाग जरा पटकन उरकतात.) १९६७-६८ कडे अमेरिकेची चव बदलली. जेम्स ब्राउनने ठेका मोडून फंक आणलं, गाणी संथ आणि जड झाली. लंडनचे शौकीन त्याबरोबर पुढे सरकले. उत्तरेतली पोरं मात्र सरकली नाहीत. त्यांना तोच जुना धावता ठेका हवा होता, कारण त्यांना ऐकायचं कमी आणि नाचायचं जास्त होतं. आठवडाभर कारखान्यात उभं राहिलेलं पोरगं शनिवारी रात्री बारा ते सकाळी आठ नाचणार, त्याला संथ गाणं काय कामाचं?

डेव्ह गॉडिन नावाच्या गृहस्थाचं लंडनला कॉव्हेंट गार्डन भागात सोल सिटी नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं. हा माणूस ह्या विषयातला अधिकारी. ब्रिटनमध्ये मोटाउनचं बस्तान बसवण्यात त्याचा मोठा हात. फुटबॉल मॅचसाठी उत्तरेतून लंडनला आलेली पोरं त्याच्या दुकानात येत आणि नवीन माल न बघता जुनी, वेगवान गाणी मागत. तेव्हा त्याने दुकानातल्या पोरांना समजावं म्हणून एक खुणेचं नाव ठेवलं, की बाबांनो असं गिऱ्हाईक आलं तर त्याला नवीन फंक दाखवत बसू नका, 'नॉर्दर्न सोल' दाखवा. ही १९६८ च्या आसपासची गोष्ट. नंतर तो लिहीत असलेल्या मासिकातल्या सदरात हे नाव छापून आलं आणि कायमचं चिकटलं. म्हणजे एका अख्ख्या संगीतप्रकाराचं नाव मुळात दुकानातलं स्टॉकचं लेबल आहे.

आणि इथे खरी मजा सुरू होते. कुठल्याही डान्स क्लबला दर आठवड्याला नवीन गाणी लागतात. पण ह्यांना हवी असलेली गाणी बनणं तर बंद झालेलं! म्हणजे नवीन गाणं हवं तर ते जुन्यातूनच शोधायला हवं. जे १९६५ किंवा ६६ साली बनलं, पडलं, आणि कोणीच ऐकलं नाही, तेच १९७३ मध्ये 'नवीन'. माझ्या माहितीत असा दुसरा कुठलाही संगीताचा बाजार नाही जिथे नवा माल फक्त उत्खननातून येतो. आणि उत्खनन म्हणजे मर्यादित साठा, मर्यादित साठा म्हणजे मक्तेदारी, मक्तेदारी म्हणजे लबाडी. सगळं ओळीने आलं.

डीजे अमेरिकेला जायला लागले. इयन लेव्हिन हा ब्लॅकपूलचा श्रीमंत घरचा मुलगा. आईबापांबरोबर मायामीला सुट्टीला जायचा आणि येताना हजारोंनी रेकॉर्ड्स आणायचा. रिचर्ड सर्लिंग १९७३ मध्ये फिलाडेल्फियाला गेला आणि गोदामातल्या ढिगातून एक पडेल रेकॉर्ड घेऊन आला. गायिका ग्लोरिया जोन्स, साल १९६५, आणि गाणं होतं मागच्या बाजूचं. म्हणजे कंपनीलाही ते पुढच्या बाजूला टाकण्याएवढं बरं वाटलं नव्हतं. त्या गाण्याचं नाव 'टेंटेड लव्ह'. हो, तेच. त्यावर पुढे येतो.

एखाद्या डीजेकडे अशी रेकॉर्ड आहे जी इंग्लंडात दुसऱ्या कोणाकडेही नाही, तर ते गाणं ऐकायला लोक शंभर मैलांवरून कोच करून येणार. पण गाणं वाजवलं की लोक येऊन लेबल वाचणार, नाव कळलं की दुसरा डीजे अमेरिकेत पत्र टाकणार, आणि महिन्याभरात तीच रेकॉर्ड चार जणांकडे. मग उपाय काय? लेबलवर पांढरा कागद चिकटवायचा आणि भलत्याच गायकाचं, भलत्याच गाण्याचं नाव सांगायचं. ह्याला म्हणत कव्हर-अप. कल्पना ह्यांची नाही. जमैकात पन्नासच्या दशकात साउंड सिस्टिमवाले लेबलं चक्क खरवडून टाकायचे. कॉक्सन डॉडने विलिस जॅक्सन ह्या अमेरिकन सॅक्सोफोनवाल्याच्या एका रेकॉर्डला 'कॉक्सन हॉप' असं स्वतःचंच नाव देऊन टाकलं होतं, आणि त्याचा प्रतिस्पर्धी ड्यूक रीड मूळ गाणं शोधत बरीच वर्षं हिंडत होता. आपल्याकडच्या वाचकाला ह्यात नवल वाटायचं कारण नाही. घराण्यातली खास चीज शिष्यालाही न सांगणारे उस्ताद आपल्या ओळखीचे आहेत. अल्लादिया खाँसाहेबांनी तर आपलं गाणं रेकॉर्डच होऊ दिलं नाही. फरक एवढाच की खाँसाहेब स्वतःची विद्या जपत होते. हे डीजे दुसऱ्याची जपत होते, आणि ज्याची विद्या त्याचं नाव पुसून!

मला ह्यात पहिल्यांदा खटकलं ते हे. मी डीबीएला तसं बोललोही. त्याचं म्हणणं, कव्हर-अप हा खेळ होता, दोन-तीन वर्षांत प्रत्येक नाव बाहेर यायचंच, आणि लपवल्यामुळेच शोधायची ईर्ष्या राहिली. मी म्हटलं, सिक्युरिटीत आम्ही ह्याला हसतो. तो म्हणाला, सिक्युरिटीसाठी कोणी रात्रभर नाचतं का? ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

असो. विगन. मँचेस्टरच्या वायव्येला अर्ध्या तासावरचं कोळशाचं गाव. तिथल्या एम्प्रेस बॉलरूम नावाच्या जुन्या नाचघरात २३ सप्टेंबर १९७३ ला पहिली ऑल-नायटर झाली आणि विगन कसिनो सुरू झालं. नाव कसिनो, पण जुगार नाही, दारूचं लायसन्स नाही. बाकीचे क्लब रात्री दोनला बंद झाले की हे भरायला लागायचं. सकाळी आठला संपायचं ते नेहमी त्याच तीन गाण्यांनी. त्यांना 'थ्री बिफोर एट'च म्हणतात. टोबी लेजंडचं 'टाइम विल पास यू बाय', जिमी रॅडक्लिफचं 'लाँग आफ्टर टुनाइट इज ऑल ओव्हर' आणि डीन पॅरिशचं 'आयम ऑन माय वे'. ह्यातला जिमी रॅडक्लिफ जुलै १९७३ मध्ये वारला, वय ३६. कसिनो उघडायच्या दोन महिने आधी. पुढची आठ वर्षं दर आठवड्याला शेकडो पोरं त्याच्या आवाजावर घामाघूम होऊन निरोप घेत होती आणि त्याला ह्यातलं काहीही कळायचं नव्हतं. डीन पॅरिश हा ब्रुकलिनचा इटालियन-अमेरिकन, म्हणजे काळाही नाही. त्याला आपण उत्तर इंग्लंडमध्ये देव आहोत हे समजायला काही दशकं लागली.

आता फ्रँक विल्सन.

विल्सन मूळचा टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा. मोटाउनच्या लॉस एंजेलिस ऑफिसात गाणी लिहायचा. १९६५ मध्ये 'डू आय लव्ह यू' हे गाणं त्याने स्वतःच गायलं. मोटाउनच्या सोल नावाच्याच उपकंपनीच्या लेबलवर रेडिओवाल्यांना द्यायच्या प्रती छापल्या गेल्या. २५० हा आकडा सगळीकडे सांगितला जातो. मग, गोष्ट अशी सांगतात की, बेरी गॉर्डीने विल्सनला बसवून विचारलं, तुला गायक व्हायचंय की निर्माता? विल्सन म्हणाला निर्माता. रेकॉर्ड रद्द. प्रती नष्ट. मॅनेजरने बोलावून तू टेक्निकल साइडला जाणार की मॅनेजमेंटला असं विचारावं, तसंच ते. पण निर्णय चुकला म्हणता येणार नाही. विल्सनने पुढे फोर टॉप्स आणि सुप्रीम्सची गाणी केली, १९७३ मधलं एडी केंड्रिक्सचं तुफान चाललेलं 'कीप ऑन ट्रकिन' त्याचंच. १९७६ मध्ये त्याने मोटाउन सोडलं आणि पुढे तो धर्मोपदेशक झाला.

सत्तरच्या दशकात कधीतरी मोटाउनच्या संग्रहातली एक प्रत लॉस एंजेलिसमधल्या एका रेकॉर्ड व्यापाऱ्याच्या हाती लागली. त्याने त्यावरून नक्कल कापून इंग्लंडला पाठवली, आणि गायकाचं नाव दिलं एडी फॉस्टर. एडी फॉस्टर हा वेगळा, खराखुरा गायक. विगनचा डीजे रस विन्स्टनलीने ते वाजवलं आणि कसिनो वेडं झालं. म्हणजे बघा, हजारो लोक ज्या गाण्यावर जीव टाकत होते ते दुसऱ्याच्या नावाने चालू होतं, आणि खरा गायक कॅलिफोर्नियात बायबल उघडून बसलेला. खरं नाव फुटल्यावर १९७९ मध्ये मोटाउनने ब्रिटनमध्ये ते रीतसर पुन्हा काढलं. ते कोणालाही घेता येत होतं. पण त्या मूळ प्रती! हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच ठाऊक आहेत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका प्रतीला १५ हजार पौंड मिळाले. २००९ मध्ये लिलावात २५,७४२. आणि २०२० मध्ये एक लाख.

त्या एक लाखातला फ्रँक विल्सनच्या घरच्यांना किती? शून्य. (तो स्वतः २०१२ मध्ये गेला.) जुन्या वस्तूच्या फेरविक्रीत मूळ कलाकाराला काही मिळत नाही. आपण जुनी गाडी विकतो तेव्हा मारुतीला कुठे काही देतो? कायद्याने सगळं चोख आहे. पण डॅरेल बँक्सचं उदाहरण घ्या. १९६६ चं त्याचं 'ओपन द डोअर टू युवर हार्ट' ब्रिटनमध्ये लंडन नावाच्या लेबलवर निघणार होतं, हक्क दुसऱ्या कंपनीकडे गेले म्हणून माल मागे घेतला. २०१४ मध्ये त्यातली एक प्रत सापडली आणि साडेचौदा हजार पौंडांना गेली. गाणं तेच, अमेरिकन प्रत त्याच्या अगदी किरकोळ अंशात मिळते. फरक फक्त मधल्या गोल कागदाचा. बँक्स १९७० मध्ये डेट्रॉइटला गोळी लागून मेला. तो तिशीत होता. साडेचौदा हजार पौंडांचा कागद, आणि ज्याचा आवाज त्याला तो कागद कधी निघाला हेही कदाचित माहीत नसेल. मला हे हिशेब बसवता येत नाहीत.

आता 'टेंटेड लव्ह'. सर्लिंगने आणलेली ती रेकॉर्ड आधी बोल्टनच्या एका क्लबात आणि मग विगनला गाजली. ब्लॅकपूलला वाढलेला डेव्ह बॉल हा पोरगा ह्याच वातावरणातला. त्याने आणि मार्क आल्मंडने सॉफ्ट सेल म्हणून १९८१ मध्ये सिंथेसायझरवर ते गाणं केलं आणि ते ब्रिटनमध्ये एक नंबरला गेलं. कॉलेजात असताना आमच्या होस्टेलवर 'एटीजचे हिट्स' नावाच्या पायरेटेड सीडीत ते होतं, मला ते त्यांचंच वाटायचं. पैसे कोणाला मिळाले? गाणं लिहिणाऱ्या एड कॉबला. ग्लोरिया जोन्सने गायलं होतं, लिहिलं नव्हतं, त्यामुळे सॉफ्ट सेलच्या रेकॉर्डचे तिला नाहीत. आणि विनोद म्हणजे सॉफ्ट सेलनेही मागच्या बाजूला सुप्रीम्सचं जुनं गाणं टाकलं. स्वतःचं एखादं टाकलं असतं तर लेखनाच्या रॉयल्टीत अर्धा वाटा त्यांचा आला असता. एक नंबरची रेकॉर्ड आणि लेखनाचे पैसे शून्य. पोरांनो, अ‍ॅग्रीमेंट वाचत जा.

पण दुसरी बाजूही आहे, आणि ती डीबीएने मला पटवून दिली. ही मंडळी नसती तर ही गाणी कुठे असती? श्राइनचा उरलेला साठा १९६८ च्या वॉशिंग्टनच्या दंगलीत गोदामासकट जळाला असं सांगतात. बाकीच्यांचा कचऱ्यात गेला. अमेरिकेत कोणालाही त्याची पडली नव्हती. विगन-बोल्टनच्या पोरांनी ती उकरली, गायकांची नावं शोधली, पुढे काही गायकांनाच शोधून काढून विमानाची तिकिटं पाठवली. मेजर लान्सला तर १९७२ मध्येच स्टोकच्या गोल्डन टॉर्च क्लबात बोलावून गाववलं आणि त्याची अख्खी लाइव्ह एलपी निघाली, अमेरिकेत त्याचे दिवस सरल्यावर. एडविन स्टार शेवटी इंग्लंडलाच राहायला आला आणि २००३ मध्ये तिथेच वारला. १९८२ पासून केंट नावाच्या लेबलने ही गाणी रीतसर हक्क घेऊन, मास्टर टेप्स शोधून काढायला सुरुवात केली. ज्यांनी लपवाछपवी सुरू केली त्यांच्यातूनच पुढे हे काम करणारे निघाले.

विगन फार दिवस निर्मळ राहिलं नाही. ब्लॅकपूल मेक्का क्लबात लेव्हिन आणि कॉलिन कर्टिस ह्यांनी सत्तरच्या दशकातली नवीन गाणी वाजवायला सुरुवात केली आणि त्यावरून दोन तट पडले. लेव्हिन हटाव छापाचे फलक निघाले म्हणे! मला मेक्काची बाजू पटते. साठा संपत चालला होता आणि विगनमध्ये केवळ वेग बरा म्हणून काहीही फडतूस वाजायला लागलं होतं. १९७५ मध्ये विगन्स चोझन फ्यू ह्या नावाने 'फूटसी' नावाचं एक बिनशब्दांचं चिल्लर गाणं टॉप टेनमध्ये गेलं, टीव्हीवर नाच झाला, आणि जुन्या लोकांना लाज वाटली. ६ डिसेंबर १९८१ ला कसिनोची शेवटची रात्र. ती तीन गाणी झाली, लोक हलेनात, पुन्हा लावली, तरी हलेनात. शेवटी विन्स्टनलीने फ्रँक विल्सन लावला. पुढच्या वर्षी त्या इमारतीला आग लागली, नंतर ती पाडली. आता त्या जागेवर ग्रँड आर्केड नावाचा मॉल आहे. मी पाहून आलो, आपल्या मॉलसारखाच आहे.

माझी स्वतःची खरेदी सांगतो आणि थांबतो. परत यायच्या आदल्या महिन्यात एका रेकॉर्ड मेळ्यात मी एक तबकडी घेतली, चाळीस पौंडांना. चाळीस पौंड म्हणजे तेव्हा माझा दोन आठवड्यांचा किराणा. सोमवारी मोठ्या ऐटीत डीबीएला दाखवली. त्याने आधी ती बोटांनी हलकेच वाकवली. वाकली. मग उजेडात तिरकी धरून, गाणं संपतं आणि लेबल सुरू होतं त्या मधल्या गुळगुळीत पट्टीवर काय कोरलंय ते पाहिलं. तिथे कारखान्याचे आकडे असतात. त्याने समजावलं ते असं. ही रेकॉर्ड लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्यातली असेल तर ती स्टायरीनची हवी, म्हणजे कडक, वाकवली तर तडकणारी. आणि त्या पट्टीवर एक छोटा त्रिकोण आणि त्यापुढे आकडा हवा. माझीवर त्रिकोण नव्हता, आकडे खिळ्याने खरवडल्यासारखे हाताने काढलेले. लेबलवरची अक्षरं भिंगातून पाहिली तर कडेला फुटलेली, कारण ते लेबलच्या फोटोचं छापील चित्र. थोडक्यात सत्तरच्या दशकात काढलेली चोरटी नक्कल. चेकसम जुळला नाही!

विकणाऱ्याने फसवलं का? नाही म्हणता येणार. त्याने 'मूळ' असं म्हटलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. डीबीएने ती परत माझ्या हातात दिली आणि म्हणाला, विगनला ह्याच नकलेवर आम्ही नाचलोय, तीही आता तीस वर्षांची झाली, सांभाळून ने.

ती घरी आहे. बायकोने एकदा चाळीस पौंड गुणिले त्या वेळचा दर असा हिशेब करून दाखवला होता, तो विषय आम्ही आता काढत नाही.

ह्या वीकएंडला ऐकायचंच असेल तर हेडफोन नको, स्पीकर लावा आणि फरशी मोकळी करा. आधी फ्रँक विल्सन. मग ग्लोरिया जोन्स आणि लगेच सॉफ्ट सेल, लागोपाठ. शेवटी ती विगनची तीन, त्याच क्रमाने. खालच्या मजल्यावर कोणी म्हातारं माणूस राहत असेल तर आधी सांगून ठेवा.